अर्ध्या टक्क्याचा गंधक

‘आपल्या कोळशात गंधक जेमतेम अर्धा टक्का, मग धुराड्याला एफजीडी कशाला?’ हा पूर्वपक्ष इतक्यांदा मांडला गेला, की जुलै २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेने बहुतेक औष्णिक केंद्रांना धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणाऱ्या या यंत्रणेतून सूटच दिली. ती बसवणे भाग पाडणारा डिसेंबर २०१५ चा नियम मुदतवाढींवर जगला आणि बहुतेकांपुरता असा निवर्तला.

आता टक्क्याचे टन करू. आपल्या कोळशात पस्तीस-चाळीस टक्के राख. उष्णता कमी, म्हणून जाळावाही जास्त लागतो. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला साडेसात हजार टनांच्या आसपास कोळसा खातो. त्यात गंधक साडेसदतीस टन. जळताना तो आपल्या वजनाइतकाच ऑक्सिजन घेतो. म्हणजे पाऊणशे टन सल्फर डायऑक्साइड. थोडा राखेत अडकतो, बाकीचा वर. हा एका संचाचा एका दिवसाचा हिशेब.

‘पण हवेत मोजला तर मर्यादेतच भरतो.’ भरणारच! हा वायू वायू म्हणून फार काळ राहत नाही. त्याचे सल्फेट होते, अमोनियाशी जुळून सूक्ष्म कण होतात आणि वारा ते शेकडो किलोमीटर नेतो. तिथले यंत्र त्यांना पीएम २.५ मध्ये धरते. खाते बदलले, देणे फिटले नाही.

तिसरा आक्षेप चतुर आहे: चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो. सुटतो खरा. पाऊणशे टन वायू चुनखडीच्या फवाऱ्यात धुऊन काढताना सुमारे पन्नास टन. त्याच दिवशी त्याच संचाच्या कोळशातून सुटणारा दहा हजार टनांच्या घरात! शिवाय हाती दोनशे टन जिप्सम येते, जे सिमेंटवाल्यांना लागतेच.

खर्च मात्र खराच आहे. वीज महागेल, पंप-पंख्यांना थोडी वीज जाईल, जोडणीसाठी संच बंद ठेवावा लागेल. हा वाद पैशांचा आहे. तो पैशांचा म्हणूनच मांडा, रसायनशास्त्राला साक्षीला ओढू नका.

डहाणूच्या औष्णिक केंद्राला चुनखडीही लागली नाही. तिथे समुद्राच्या खाऱ्या पाण्यातला नैसर्गिक अल्कधर्मच धूर धुतो. चिकूच्या बागांच्या त्या तालुक्यात न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या पर्यावरण प्राधिकरणाने आग्रह सोडला नाही, आणि २००७ साली यंत्रणा बसली. त्या केंद्राचा कोळसाही कमी गंधकाचाच होता.