तळघराची भिंत

आमच्या वाड्याच्या तळघरात उतरायला सात पायऱ्या. खाली उजव्या हाताच्या भिंतीला छातीच्या उंचीवर पोट आलेलं. आम्ही पोरं उन्हाळ्यात गार लागतं म्हणून पोत्यांवर चढून त्या पोटाला पाठ लावून बसायचो. आज्जी ओरडायची, "गाभण भिंत हाय ती, टेकू नगा."

ही भिंत आज्ज्यानं बांधली, असंच घरात सांगायचे. रझाकारांच्या दिवसांत, १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन होईपर्यंत, जवारीची पोती आणि घरातल्या बाया इथंच असायच्या. त्यामुळं तळघराला देव्हाऱ्याइतका मान.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी, सास्तूर भागातली गावंच्या गावं बसली, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमचं गाव लांब. वाडा राहिला, पण तळघरातलं पोट वीतभर पुढं आलं. आम्ही महिनाभर अंगणात पत्र्याखाली झोपलो.

अण्णा म्हणाले, "बुजवून टाका तळघर." तेव्हा सगळ्यांनाच दगडाची भीती बसली होती. दगड-मातीच्या घरानं माणसं मारली, असं जो तो म्हणायचा. मला ते पटत नव्हतं. मी गवंडी बोलावला.

त्यानं आधी माळवदाच्या तुळईखाली टेकू दिले, मग पोटाचे दगड हातभर रुंदीनं काढायला लागला. तेव्हा कळलं. आपली दोन-अडीच हात रुंद भिंत एक दिसते, पण असते दोन पदरांची. मधी माती आणि चिपा. दोन्ही पदरांना धरणारा लांब, आरपार दगड मधून मधून नसला, की ते एकमेकांपासून सुटतात. त्यात गल्लीतलं पाणी मुरून मधली माती फुगते, उन्हाळ्यात आवळते, चिपा खाली सरकून पाचरीसारख्या बसतात. दरसाल थोडं थोडं पोट वाढतं. भूकंपानंतर आलेले इंजिनिअरही हेच सांगत होते. वर माळवदावर दरवर्षी चढवलेल्या मातीचं ओझं होतंच.

गवंडी म्हणाला, "मालक, हे दोघांचं काम हाय." खरंच. कमरेपर्यंत लांब दगड नीट बसवलेले. त्याच्या वर एकही नाही.

अण्णा पायरीवर बसून होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "वरचं माझं हाय."

आज्जा तेव्हा सरहद्द ओलांडून बार्शीकडं गेलेला. भिंत अर्धवट. अण्णा चौदा वर्षांचे. चुलत्याबरोबर रात्री दगड वाहून, कंदील झाकून त्यांनी ती उभी केली होती. लांब दगड दोघांना उचलत नव्हते, म्हणून बारीकच लावले. पंचेचाळीस वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. बुजवा का म्हणत होते, ते मला तेव्हा उमगलं.

गल्लीकडून चर खोदून मुरूम-खडी भरली, पाण्याला वाट दिली. पोटाचा पदर हात हात उतरवून पुन्हा बांधला. चार फुटांवर एक लांब दगड, आणि जिथं तो मिळाला नाही तिथं भोक पाडून वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरलं. वीस दिवस गेले. पैसे सोयाबीनचे.

शेवटचा लांब दगड अण्णांनी गवंड्याच्या हातातली थापी घेऊन स्वतः बसवला. जरा वाकडाच बसलाय. गवंडी सरळ करायला निघाला होता, मी त्याला नको म्हटलं.