‘पासष्ट टक्क्यांचा आदेश’
महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा १९ सप्टेंबर २०१४ चा आदेश. १५ ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असल्यास नगर-नाशिकच्या धरणांतून तूट भरायची. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातली धरणे मुळा, भंडारदरा, निळवंडे. आदेशाला आधार प्राधिकरणाचा २००५ चा कायदा आणि त्यातले समन्यायी वाटपाचे तत्त्व. त्या-त्या वर्षी पाणी सोडण्याचा हुकूम मात्र गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ काढते. २०२३ च्या टंचाईत ८.६ टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) हुकूम महामंडळानेच काढला. म्हणून मूळ लेखातले लेखकाचे ‘प्राधिकरणाने पाणी नेले’ हे विधान जसेच्या तसे घेऊ नये. शिवाय सोडलेल्या पाण्यापैकी नदीपात्रात वाटेतच मुरणाऱ्या पाण्याचा प्रश्न नगरकडच्या राहुरीच्या शेतकऱ्याइतकाच पैठणच्या शेतकऱ्यालाही जाचतो. लेखकाने तो एका वाक्यात उरकायला नको होता. – संपादक