मडक्याची टिचकी आणि 55 टनांची तोफ

अर्धापूरच्या बाजारात आजी मडकं घ्यायची ती टिचकी मारूनच. खणखणीत वाजलं तर घरी, भद्द वाजलं तर परत. आजची गोष्ट अशाच न दिसणाऱ्या दोषाची, पण धातूतल्या.

1549 साली अहमदनगरला मुहम्मद रूमीनं निजामशाहीसाठी मलिक-ए-मैदान तोफ ओतली. तांबं, कथील, वजन सुमारे 55 टन. आधी आपल्या परांड्याच्या किल्ल्यावर होती, 1632 मध्ये विजापूरला गेली. ठोकली की घंटेसारखी वाजते म्हणतात.

आता बघा, वितळलेल्या धातूत वायू विरघळतो. धातू गार होताना तो बाहेर पडायला बघतो आणि बुडबुडे आतच अडकतात. शिवाय धातू आक्रसतो, त्याचीही पोकळी होते. पुढच्या काळात युरोपातले ओतारी तोफ उभ्या साच्यात ओतायचे. वरच्या टोकाला जादा धातू ठेवायचे, पोकळ्या तिथं जमू द्यायचे आणि ते टोक सरळ कापून टाकायचे. दोष येणारच, मग त्याला जागा आपणच ठरवून द्यायची! मला ही युक्ती जाम आवडते.

पण प्रत्येक तोफ ओतीव नसायची. 28 फेब्रुवारी 1844, अमेरिकेचं प्रिन्स्टन जहाज. ‘पीसमेकर’ ही तोफ लोखंड तापवून, ठोकून जोडलेली. त्या दिवशी आधी ती व्यवस्थित उडालीही होती. नंतरच्या बारात फुटली, दोन मंत्र्यांसह सहा जण गेले. आतलं लोखंड नीट एकजीव झालंच नव्हतं.

धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगमध्ये हे दोन्ही आजार एकत्र भेटतात. पावडरचा केसापेक्षा पातळ थर पसरायचा, लेझरनं वितळवायचा, वर पुढचा थर. लेझर कमी पडला तर थर जुळत नाहीत, म्हणजे पीसमेकरच. जास्त झाला तर धातूची वाफ होऊन खोल खड्डा पडतो आणि तो मिटताना तळाशी बुडबुडा राहतो. इथं टोक कापून सुटका नाही, पोकळी कुठल्याही थरात असू शकते. म्हणून कॅमेरे आणि सेन्सर थर न् थर बघतात, सॉफ्टवेअर बिघाडाचा अंदाज बांधतं. आम्हा कोडवाल्यांची गोची एवढीच की मॉडेलला शिकवायला आधी सीटी स्कॅनमध्ये सापडलेल्या खऱ्या पोकळ्या लागतात. म्हणजे आधी बिघडलेले भाग हवेत!

इस्रोनं पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन असंच छापून घेतलं. 14 भागांचा एक भाग झाला, 19 वेल्डिंगचे जोड गेले. 9 मे 2024 ला ते पेटवलं आणि 665 सेकंद चालवून बघितलं.