सूर्याची वीज आणि कायद्याची मुदत

शोध लागला म्हणजे काम झालें, पुढचें सारें काळ आपोआप करतो, अशी समजूत सुशिक्षितांतही बरीच रूढ आहे. सौरविद्युतेचा इतिहास पाहतां ती टिकत नाहीं. सिलिकनच्या चकतीवर ऊन पडलें असतां तींतून उपयोगी पडेल एवढी वीज काढतां येते, हें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत चॅपिन, फुलर व पिअर्सन या त्रयीनें १९५४ सालीं दाखविलें. पडलेल्या उन्हाच्या शक्तीपैकीं सुमारें ६ टक्क्यांची वीज होई. त्यानंतर जवळजवळ चार तपें ही वीज कृत्रिम उपग्रह, समुद्रांतील तरते दिवे, खिशांतील गणकयंत्रें अशा किरकोळ ठिकाणींच राहिली. पुढें मात्र २००० ते २०२० या वीस वर्षांत तिचा भाव असा कोसळला कीं, भरपूर ऊन असलेल्या कित्येक प्रदेशांत नव्यानें उभारावयाच्या विजेंत तीच सर्वांत स्वस्त ठरली. सूर्य तोच, सिलिकनही तेंच. मग मध्यें बदललें काय?

हा प्रश्न केवळ तर्कानें सुटत नाहीं, मोजून पाहावा लागतो. आणि त्यासाठीं लागणारें माप विमानांच्या कारखान्यांत सांपडलें. थिओडोर राइट या अमेरिकन इंजिनिअरनें १९३६ सालीं एका निबंधांत असें दाखविलें कीं, बनविलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली म्हणजे एका विमानास लागणारी मजुरी सुमारें २० टक्क्यांनीं उतरते. पुन्हां दुप्पट झाली कीं पुन्हां त्याच प्रमाणांत. सौर पॅनेलांचे आंकडे पुढें या मापास लावून पाहिले, तेव्हां किमतींतही जवळजवळ तोच उतार आढळला. १९७५ च्या सुमारास वॅटमागें आजच्या हिशेबानें शंभर डॉलरांच्या वर असलेला भाव २०२० पर्यंत पाव डॉलरच्या आसपास आला. या नियमांतील मेख पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. किंमत नुसता काळ गेल्यानें उतरत नाहीं, माल बनल्यानें उतरते. आणि माल बनावयाचा तर तो महाग असतांनाच कोणीं तरी विकत घेतला पाहिजे. स्वस्त झाल्यावर घेऊं असें म्हणणारेच सगळे असले, तर तो स्वस्त व्हावा कसा?

हें महागाईचें गिऱ्हाईक होण्याचें काम मुख्यत्वें जर्मनीनें पत्करलें. १९९१ सालीं अमलांत आलेल्या तेथील कायद्यानें वीजकंपन्यांवर बंधन घातलें कीं, वाऱ्याची किंवा सूर्याची वीज जो कोणी देईल त्याच्याकडून ती घ्यावी, आणि ग्राहकांच्या सरासरी दराच्या ९० टक्के मोबदला द्यावा. पवनचक्कीस तेवढें पुरलें. सूर्याच्या विजेचा खर्च त्याच्या कित्येक पट असल्यानें तिला तें पुरण्यासारखें नव्हतें. म्हणून हेरमान शेअर, हान्स-योसेफ फेल प्रभृति पार्लमेंटच्या सभासदांच्या खटपटीनें १ एप्रिल २००० पासून दुसरा कायदा आला. त्यानें सूर्याच्या एका युनिटास ९९ फेनिग, म्हणजे सुमारें अर्धा युरो, असा भाव बांधून दिला. घरगुती ग्राहक त्या वेळीं स्वतः जो दर देत असे, त्याच्या तिपटीहून हा अधिक होता! शिवाय तो वीस वर्षें कायम. नंतर येणाऱ्यास मात्र दर वर्षीं कमी भाव मिळावयाचा, म्हणून रेंगाळणारा नुकसानींत. पैसा सरकारी तिजोरींतून न देतां ग्राहकांच्या बिलांवर वांटून टाकला. शेतकऱ्यांनीं गोठ्यांच्या छपरांवर पॅनेलें चढविलीं आणि बँकांनीं त्यांस निःशंकपणें कर्जें दिलीं. कारण वीस वर्षांचें उत्पन्न कायद्यानेंच लिहून दिलेलें होतें. २०१०, २०११ व २०१२ या तीन वर्षांत प्रत्येक वर्षीं सात गिगावॅटहून अधिक भर पडली.

याची किंमत जर्मन कुटुंबांनीं मोजली. बिलावरील अधिभार २०१४ सालीं युनिटास ६.२४ सेंटपर्यंत चढला, आणि पुष्कळशा मोठ्या कारखान्यांस त्यांतून सूट असल्यानें तो घरांवर अधिकच बसला. त्यांतच पॅनेलें बनविण्याचा धंदा चीननें उचलला. क्यू-सेल्स ही एके काळची अग्रगण्य जर्मन कंपनी २०१२ सालीं दिवाळ्यांत निघाली. जर्मनांची पदरमोड जगाच्या उपयोगी पडली, त्यांच्या स्वतःच्या कारखान्यांच्या तितकीशी नाहीं. आमच्या मतें इतकें फलद्रूप दान कोणा राष्ट्राच्या हातून क्वचितच घडलें असेल, मग तें हेतुपुरस्सर असो वा नसो.

आतां या स्वस्ताईचें श्रेय कायद्यास किती व कारागिरीस किती? ग्रेगरी नेमेट या संशोधकानें २००६ सालीं जुने आंकडे उकलून पाहिले, तेव्हां त्यांस कारखान्यांचा आकार, पॅनेलाची कार्यक्षमता आणि सिलिकनचा भाव यांचा वांटा मोठा दिसला. करतां करतां हात बसतो, या सर्वमान्य कारणाचा वांटा फार थोडा. पुढें २०१८ सालीं जेसिका ट्रान्सिक व त्यांचे सहकारी यांनीं १९८० ते २०१२ या काळांतील ९७ टक्के उताराचा हिशेब मांडला. त्यांच्या मतें त्यांतील सुमारें ६० टक्के उतार बाजार वाढविणाऱ्या धोरणांमुळें झाला. या दोन निष्कर्षांत आम्हांस विरोध दिसत नाहीं. मोठा कारखाना बांधण्याचें धाडस भांडवलवाला केव्हां करतो? मालास गिऱ्हाईक आहे, आणि तें पुढल्या वर्षींही राहील, अशी खात्री पटते तेव्हां.

ही खात्री मोडली म्हणजे काय होतें, हें अमेरिकेनें जणूं प्रयोग म्हणूनच करून दाखविलें. तेथें १९९२ पासून पवनविद्युतेस करांत सूट होती. परंतु तिची मुदत दर थोड्या वर्षांनीं संपे आणि नवी मुदत वेळेवर मिळत नसे. ती खंडित झाल्यावर २००० सालीं नव्या पवनचक्क्यांची उभारणी आदल्या वर्षापेक्षां ९३ टक्क्यांनीं घटली, २००२ सालीं ७३ टक्क्यांनीं आणि २००४ सालीं ७७ टक्क्यांनीं. वारा तर कमी झाला नव्हता. स्पेननें उलट चूक केली: भाव इतका उदार ठेवला कीं २००८ या एका वर्षांत अडीच गिगावॅटहून अधिक पॅनेलें लागलीं, मग घाबरून मर्यादा घातली, पुढच्या वर्षीं काम जवळजवळ थांबलें, आणि त्यानंतर तर आधीं दिलेल्या वचनांसही कात्री लागली. आमच्याकडे साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस हें परकें वाटूं नये. त्यांच्या उभारणीमागें वाऱ्याइतकाच आयकरांतील घसाऱ्याचा हिशेबही होता. ही घसाऱ्याची सवलत २०१२ च्या एप्रिलांत काढून घेतली गेली. २०११-१२ मध्यें देशांत सुमारें ३,२०० मेगावॅटची जी भर पडली होती, ती दुसऱ्या वर्षीं १,७०० वर आली. २०१४ सालीं सवलत परत द्यावी लागली.

तथापि कायदा स्थिर असला म्हणजे वाढीस सीमाच नाहीं, असें मात्र नव्हे. आलेह चेर्प, जेसिका ज्युएल प्रभृतींनीं २०२१ सालीं अनेक देशांचे आंकडे तपासले. वाढीची रेघ सर्वत्र इंग्रजी एस् अक्षरासारखी निघाली: आधीं मंद, मग उभी, मग पुन्हां आडवी. ती सर्वांत उभी असतांनाही, सर्वसाधारण देशांत देशाच्या एकूण विजेपैकीं वर्षास जमिनीवरील वाऱ्याची ०.८ टक्का आणि सूर्याची ०.६ टक्का एवढीच भर पडत होती. उलट पृथ्वीची तापवाढ दीड अंशावर रोखण्याचे जे आराखडे आहेत, त्यांपैकीं निम्म्यांत साऱ्या जगाची मिळून सूर्यविजेची वाढ वर्षास १.४ टक्क्यांहून अधिक धरलेली आहे. मागाहून आलेल्या देशांनीं टप्पे लवकर ओलांडले खरे, पण त्यांचा कमाल वेग पहिल्यांपेक्षां अधिक ठरला नाहीं. याचें कारण पॅनेलांच्या किमतींत शोधून भागणार नाहीं. तारांचें जाळें, जमीन, सायंकाळची मागणी, कोळशावर पोट असलेले गांव, हीं सारीं त्यांत येतात, आणि त्यांसाठीं अर्ध्या युरोसारखा एकच सोपा आंकडा कोणाच्या हातीं नाहीं.

जर्मनींतील पहिल्या छपरांची वीस वर्षांची मुदत ३१ डिसेंबर २०२० रोजीं संपली. पॅनेलें अजून वीज देत होतीं. म्हणून तीं उतरवावीं लागूं नयेत यासाठीं बाजारभावानें त्यांची वीज घेण्याची नवी तरतूद तेथील पार्लमेंटनें ऐन त्या डिसेंबरांत मंजूर केली.