समाजमाध्यमांवरील प्रसिद्धी आणि कलावंतावरील ताण

चवथ जवळ आली की गोव्यातील चित्रशाळांत मातीकाम रात्री उशिरापर्यंत चालते. गेल्या काही वर्षांत या कामाला आणखी एक काम चिकटले आहे. मूर्ती घडत असताना समोर मोबाइल उभा करायचा, हात धुऊन चित्रफितीचे तुकडे जोडायचे, त्यावर सध्या चालणारे गाणे बसवायचे आणि मग किती जणांनी पाहिले हे तपासत राहायचे. जत्रेत नाटक करणारे मंडळ, मैफलीत गाणारी गायिका, कला महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला चित्रकार, पहिला संग्रह काढणारा कवी, कोणालाही हे काम आता टाळता येत नाही. त्याचा मोबदला कोणी देत नाही आणि ते कधी संपतही नाही.

कला घडवणे आणि ती लोकांपर्यंत पोहोचवणे ही दोन निराळी कामे आहेत. ती दोन्ही एकाच माणसावर, रोजच्या रोज आणि सर्वांच्या देखत येऊन पडली, हे आजच्या ताणाचे मूळ आहे. कामाची जुनी विभागणी कशी मोडली हे पाहिले, तर ताण हलका करण्याचे मार्गही तिथेच सापडतात.

पूर्वी हा भार कोण उचलत असे?

प्रसिद्धीची गरज कलावंताला पूर्वीही होती. नाटकमंडळ्यांची हस्तपत्रके, गावोगाव फिरणाऱ्या गाडीवरचा ध्वनिक्षेपक, वर्तमानपत्रातील चौकटीतली जाहिरात हे सारे गोव्याच्या परिचयाचे आहे. तियात्राचा प्रेक्षकही अशाच मार्गांनी जमत आला. हे काम बहुधा व्यवस्थापक, मुद्रक, प्रकाशक किंवा आयोजक करीत.

दीनानाथ दलाल हे गोव्यात जन्मलेले चित्रकार मराठी घराघरांत पोहोचले ते मुखपृष्ठांमुळे आणि १९४५ साली सुरू झालेल्या ‘दीपावली’ या वार्षिकामुळे. चित्रे दलालांची असली, तरी ती वाचकाच्या हाती पडेपर्यंत छापखाना, विक्रेता आणि टपाल अशी मोठी साखळी राबत असे. फोंडा तालुक्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर (१८९२ ते १९७७) ध्वनिमुद्रणाबाबत अतिशय चोखंदळ होत्या आणि त्यांची उपलब्ध मुद्रणे थोडीच आहेत. तरीही त्यांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवरील सुवर्णतबकडीतून अंतराळात गेली. गोमंतकीय मूळ असलेले वासुदेव गायतोंडे एकांतात, अत्यंत संथपणे चित्रे करीत. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पूर्ण होत. २००१ साली ते निवर्तले आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले.

या उदाहरणांवरून ‘खरा कलावंत प्रसिद्धीच्या मागे लागत नाही’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो अपुरा आहे. केसरबाईंच्या मागे मैफली भरवणारे रसिक आणि आश्रयदाते होते. गायतोंडे यांची चित्रे लोकांपुढे नेण्याचे काम गॅलऱ्यांनी केले. त्यांना अबोल राहता आले, कारण बोलण्याचे काम दुसरे कोणी तरी करीत होते. ज्याच्या पाठीशी असे कोणी नाही, त्या आजच्या तरुण कलावंताला ‘मोबाइल बंद कर आणि साधना कर’ एवढाच उपदेश करणे अन्यायाचे ठरेल.

वितरणही स्वतःच्या अंगावर घेतले तर काय होते, याचा जुना दाखला राजा रविवर्मा यांचा आहे. १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. देवदेवतांची त्यांची चित्रे त्यामुळे घरोघरी लागली. परंतु छापखान्यापायी कर्जाचा बोजा वाढत गेला आणि अखेर तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. कीर्ती वाढली, पण धंद्याचा व्याप चित्रकाराला पेलला नाही.

गेल्या दीड दशकात काय बदलले?

इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाले आणि २०१२ साली फेसबुकने ते विकत घेतले. आरंभीच्या काळात ज्याने टाकले त्याच्या क्रमाने छायाचित्रे दिसत. छायाचित्रकार आणि चित्रकार यांना हे फुकटचे प्रदर्शनदालनच वाटले. २०१६ साली कालक्रम मोडून अल्गोरिदमने ठरवलेला क्रम लागू झाला. त्यानंतर एखाद्याने कलावंताला ‘फॉलो’ केले, तरी त्याचे नवे काम त्या माणसाला दिसेलच, याची शाश्वती राहिली नाही.

दुसरा बदल भारतात अधिक तीव्रतेने जाणवला. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि जुलैमध्येच इन्स्टाग्रामने भारतात रील आणली. स्थिर चित्रापेक्षा हलत्या चित्राला झुकते माप मिळू लागले. कॅनव्हास, शिल्प किंवा कविता या स्वभावतःच स्थिर गोष्टी आहेत. त्यांच्या निर्मात्यांना आता चित्रीकरण, संकलन आणि कॅमेऱ्यासमोर बोलणे शिकावे लागले. २०२२ साली याविरुद्ध जगभरातून नाराजी उमटली. ‘इन्स्टाग्राम पुन्हा इन्स्टाग्राम करा’ अशा आशयाचे आवाहन एका छायाचित्रकर्तीने केले, त्याला मोठा पाठिंबा मिळाला आणि कंपनीने काही बदल तात्पुरते मागे घेतले.

ही तक्रार फक्त नवोदितांची नाही. मे २०२२ मध्ये अमेरिकेतील पॉप संगीतकार हाल्सी यांनी जाहीरपणे सांगितले की, टिकटॉकवर गाजावाजा झाल्याशिवाय नवे गाणे प्रसिद्ध करू दिले जात नाही. ती तक्रारीची चित्रफीतच लाखोंनी पाहिली आणि जूनमध्ये गाणे बाहेर आले. प्रसिद्धीच्या सक्तीविरुद्धचा उद्गारही प्रसिद्धीचाच भाग झाला.

ताण नेमका कशाचा?

पहिले कारण अनिश्चिततेचे. चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ सालच्या ग्रंथात प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की, बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसेल, तर प्राणी तीच कृती अधिक चिवटपणे करीत राहतो. एक रील हजारोंपर्यंत जाते, पुढची तितक्याच मेहनतीची शंभरांतच थांबते आणि कारण कळत नाही. मग ‘पुढची चालेल’ या आशेने हात पुन्हा मोबाइलकडे वळतो.

दुसरे कारण उघड्या मोजमापाचे. प्रयोग रंगला नाही तर ते पूर्वी नाट्यगृहातल्या प्रेक्षकांपुरते राहत असे. आता आकडा कलाकृतीच्या शेजारीच लिहिलेला असतो. हा ताण कंपन्यांनीही ओळखला आहे. लाइकची संख्या झाकण्याचे प्रयोग इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये सुरू केले आणि मे २०२१ पासून ती झाकण्याची सोय सर्वांना दिली.

तिसरे कारण अधिक खोल आहे, कारण ते थेट निर्मितीला भिडते. टेरेसा अमाबिले या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९८५ साली ७२ लेखकांवर केलेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. काही लेखकांना कविता लिहिण्यापूर्वी मान्यता, पैसा, इतरांवर पडणारी छाप अशा बाह्य कारणांचा थोडा वेळ विचार करायला लावले. काहींना लेखनाच्या आनंदाशी निगडित कारणे दिली. बाह्य कारणांचा विचार करून लिहिलेल्या कविता परीक्षक कवींना कमी सर्जनशील वाटल्या. काही मिनिटांच्या विचाराचा एवढा परिणाम होत असेल, तर दिवसभर डोळ्यांसमोर नाचणाऱ्या आकड्यांचा किती होत असेल, याची कल्पना करता येते.

याचा परिणाम कलाकृतीच्या निवडीत दिसतो. तासभर उलगडणाऱ्या विलंबित ख्यालातील तानेचाच तुकडा पुढे येतो. सावकाश सुकणाऱ्या तैलरंगापेक्षा एका बैठकीत पूर्ण होणारे चित्र सोयीचे वाटते. जे तीस सेकंदांत दाखवता येत नाही, ते करावेसेच वाटेनासे होते. समाजाचे खरे नुकसान इथे आहे, कारण न झालेल्या कामाची नोंद कुठेच होत नाही.

यात २०२४ पासून कृत्रिम प्रज्ञेची चिंता मिसळली. सार्वजनिक पोस्ट प्रज्ञाप्रणालींच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणार, हे स्पष्ट झाल्यावर त्या वर्षीच्या जूनमध्ये लाखो जणांनी ‘कारा’ या कलावंतांसाठीच्या नव्या माध्यमावर खाती उघडली. दाखवले नाही तर विस्मरण आणि दाखवले तर नक्कल, अशा कात्रीत अनेक चित्रकार सापडले आहेत.

भार हलका करण्याचे मार्ग

समाजमाध्यमे सर्वस्वी सोडणे थोड्यांनाच परवडते. त्यांना सूचनाफलकाची जागा देणे आणि परीक्षकाची जागा नाकारणे मात्र बहुतेकांना शक्य आहे.

वेळेची विभागणी हा पहिला उपाय. आठवड्यातील एक ठरावीक बैठक प्रसिद्धीची मानून त्यातच पुढच्या पोस्ट तयार करून ठेवता येतात. त्या ठरलेल्या वेळी आपोआप प्रसिद्ध होण्याची सोय आहे. उरलेले दिवस कामाचे. सूचनांचे आवाज बंद ठेवणे आणि लाइकचा आकडा झाकणे या गोष्टी किरकोळ वाटल्या, तरी लक्ष विचलित होण्याची निमित्ते त्यांनी कमी होतात.

काय दाखवायचे नाही, हेही आधी ठरवावे लागते. काम कच्चे असताना त्यावर अभिप्राय आले की ते भलत्या दिशेने वळते. लोटलीचे मारियो मिरांडा तरुणपणी चित्रमय रोजनिशा भरत असत. त्या प्रकाशनासाठी नव्हत्या. कित्येक दशकांनी त्यांची पुस्तके झाली. गावातल्या माणसांची त्यांची जाण अशाच, कोणाला दाखवायच्या नसलेल्या पानांवर पक्की झाली. प्रत्येक कलावंताला अशा एका वहीची गरज असते.

तिसरा उपाय स्वतःच्या यादीचा. केव्हिन केली या अमेरिकी लेखकाने २००८ साली मांडलेली कल्पना प्रसिद्ध आहे: मन लावून दाद देणारे आणि विकत घेणारे हजार चाहते असले, तरी कलावंताचा चरितार्थ चालू शकतो. गोव्यासारख्या लहान राज्यात याहून लहान आकडाही कामाचा ठरतो. प्रदर्शनाला आलेल्यांचे भ्रमणध्वनी किंवा ई-मेल त्यांच्या संमतीने नोंदवून ठेवले, तर पुढचे निमंत्रण थेट जाते आणि मध्ये अल्गोरिदम येत नाही.

चौथा उपाय वाटून घेण्याचा. चार-पाच चित्रकारांनी मिळून एक पान चालवले किंवा नाटकमंडळाने प्रसिद्धीसाठी एका जाणकाराला मानधन देऊन नेमले, तर जुनी विभागणी काही प्रमाणात परत येते. एकट्याने काम करणाऱ्याने कलाकृतीची किंमत ठरवताना प्रसिद्धीत गेलेले तासही धरावेत. यशाची मोजदादही बदलता येते. किती जणांनी पाहिले यापेक्षा किती चौकशा आल्या, किती तिकिटे खपली, कोणी पुन्हा बोलावले, हे आकडे पोटाशी अधिक जवळचे आहेत.

हक्कांची माहितीही मनाची धास्ती कमी करते. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ नुसार मूळ कलाकृती निर्माण होताच तिच्यावर हक्क प्रस्थापित होतो. नोंदणी सक्तीची नाही. चित्र, साहित्य आणि संगीतरचना यांच्यावरील हा हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. समाजमाध्यमावर चित्र टाकल्याने कंपनीला वापराचा परवाना मिळतो, मालकी जात नाही. परवान्याच्या अटी वाचणे आणि मोठ्या आकाराच्या मूळ प्रती न टाकणे एवढी काळजी घेणे हिताचे.

संस्था आणि रसिक

हा प्रश्न कलावंताच्या शिस्तीवर सोपवून सुटणारा नाही. कार्यक्रमाची निवड करताना आयोजक अनुयायांची संख्या विचारू लागले, तर संख्येमागे धावण्यावाचून तरणोपाय राहत नाही. कला अकादमी, रवींद्र भवने, कला व संस्कृती संचालनालय आणि खासगी दालने यांनी आपल्या मंचावर येणाऱ्यांची प्रसिद्धी स्वतः करणे, अनुदानात प्रसिद्धीखर्चाचा वेगळा धरबंध ठेवणे आणि निवड कामावरून करणे, या तीन गोष्टींनी बराच भार उतरेल. कला महाविद्यालयांतही रंग आणि माध्यम यांच्या जोडीला करार, किंमत आणि प्रसिद्धी यांचे व्यावहारिक शिक्षण द्यायला हवे.

रसिकाचा वाटाही लहान नाही. प्रयोगाचे तिकीट, पुस्तकाची एक प्रत, प्रदर्शनात घालवलेला अर्धा तास आणि शेजाऱ्याला आवर्जून सांगणे यांचे मोल मोबाइलवरच्या लाल बदामाहून कितीतरी अधिक आहे.

मदत केव्हा घ्यावी?

कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या अवस्थेला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात स्थान दिले. मात्र तिला आजार न म्हणता व्यवसायाशी निगडित अवस्था म्हटले. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटलेपण आणि आपल्याकडून काही होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे. झोप उडणे, भूक मंदावणे, ज्या कामावर प्रेम होते त्याचीच धास्ती वाटणे असे काही आठवडे चालले, तर तज्ज्ञांशी बोलणे योग्य. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. बांबोळी येथील ‘आयपीएचबी’ या मनोविकार संस्थेत उपचार मिळतात.

रील काही दिवसांत मागे पडते आणि तिची जागा दुसरी घेते. चित्र, बंदिश, नाटक किंवा कविता यांचे आयुष्य मोठे असते, पण त्यासाठी आधी ती पूर्ण व्हावी लागते. कलावंताच्या दिवसातील सर्वांत चांगले तास त्या पूर्ण होण्याला मिळतात की नाही, हे पाहणे ही त्याची स्वतःची, संस्थांची आणि रसिकांची सामायिक जबाबदारी आहे.