अ‍ॅड्रिनल फटीग : थकवा खरा, पण आजार कोणता?

“डॉक्टर, सकाळी उठवत नाही, दुपारी अंगातला जीव गेल्यासारखं होतं. नेटवर वाचलं, अ‍ॅड्रिनल फटीग असणार.” तळेगाव-चाकणला रात्रपाळी करणारे, पहाटेची लोणावळा-पुणे लोकल पकडणारे, घर आणि नोकरी दोन्ही ओढणाऱ्या गृहिणी, अनेकांच्या तोंडी हल्ली हे नाव असते. ते कुठून आले आणि त्यामागे खरे किती, हे समजून घ्यायचे तर थोडा इतिहास पाहावा लागेल.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते. ती अ‍ॅड्रिनल, म्हणजेच अधिवृक्क ग्रंथी. रक्तदाब, साखर आणि मिठाचे प्रमाण सांभाळणारी, आजारपणात शरीराला तगवून धरणारी संप्रेरके ती बनवते. त्यांपैकी कॉर्टिसॉल हे सर्वांत महत्त्वाचे.

१८५५ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी ११ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. कमालीचा अशक्तपणा, मंद नाडी, पोटाच्या तक्रारी आणि काळवंडत जाणारी त्वचा. मृत्यूनंतर तपासल्यावर त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी खराब झालेल्या आढळल्या, त्यांतल्या अनेकांत क्षयरोगाने. हाच ‘अ‍ॅडिसनचा आजार’. त्या काळी त्यावर उपाय नव्हता. १९४८ मध्ये कॉर्टिसोन प्रथमच संधिवाताच्या रुग्णाला दिले गेले आणि १९५० मध्ये केंडॉल, राइखश्टाइन व हेंच यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज अ‍ॅडिसनचा रुग्ण रोजच्या गोळ्या घेऊन नेहमीसारखे आयुष्य जगू शकतो.

मग ‘फटीग’ कुठून आला? १९३६ मध्ये हान्स सेली यांनी ताणाचा सिद्धांत मांडला. ताण फार काळ टिकला तर शरीर शेवटी थकून हार मानते, असे त्यांचे म्हणणे होते. याच धाग्यावरून १९९८ मध्ये जेम्स विल्सन या अमेरिकन कायरोप्रॅक्टरने ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ हे नाव रूढ केले. ताणाने ग्रंथी दमतात, असा त्याचा दावा.

दावा पटण्याजोगा वाटला, तरी तो मोजून पाहावा लागतो. ही शिस्त आपल्या लोणावळ्याला नवी नाही. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम स्थापन केले. योगाचे फायदे नुसते सांगून ते थांबले नाहीत. क्ष-किरण आणि रक्तदाबाची मोजमापे घेऊन योगक्रिया तपासल्या आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापले. अ‍ॅड्रिनल फटीगलाही तीच कसोटी लावली गेली. २०१६ मध्ये ५८ अभ्यास एकत्र तपासल्यावर असा आजार अस्तित्वात असल्याचा पुरावा मिळाला नाही.

याचा अर्थ तुमचा थकवा खोटा, असा मुळीच नाही. त्याचे कारण दुसरीकडे शोधायला हवे, एवढाच. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, बी-१२ ची कमतरता, क्षयरोग, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडकणे, नैराश्य, अपुरी झोप ही नेहमीची कारणे. साध्या तपासण्यांतून आणि नीट बोलण्यातून ती बहुतेक वेळा सापडतात. ‘अ‍ॅड्रिनल सपोर्ट’ म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या गोळ्यांत मात्र वेळ जातो. शिवाय धोकाही असतो. अमेरिकेत अशा १२ उत्पादनांच्या तपासणीत सगळ्यांमध्ये थायरॉइडचे संप्रेरक आणि निम्म्याहून अधिकांत स्टेरॉइड सापडले होते.

खऱ्या आजाराची लक्षणे मात्र लक्षात ठेवा :

- थकव्याबरोबर वजन घटणे, भूक मरणे
- उभे राहताच चक्कर, रक्तदाब कमी
- खारट खावेसे वाटणे, वारंवार मळमळ
- हिरड्या, तळहाताच्या रेषा, जुने व्रण काळे पडणे

असे असेल तर सकाळी आठच्या सुमाराची कॉर्टिसॉल तपासणी आणि गरज पडल्यास एसीटीएच चाचणी करावी लागते. आपल्याकडे क्षयरोग आजही आहे, त्यामुळे ते कारण विसरून चालत नाही.

आणखी एक गोष्ट. गुडघेदुखी किंवा दम्यासाठी कुठूनतरी आणलेल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. ते महिनोन्‌महिने घेतले की अधिवृक्क ग्रंथी झोपी जातात. पुडी एकदम बंद केली आणि त्यातच ताप किंवा जुलाब झाले, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. म्हणून असे औषध घेत असाल तर लपवू नका, ओरडा बसेल म्हणून घाबरू नका, आणि स्वतःहून बंदही करू नका. पुडी, गोळी, बाटली जे असेल ते घेऊन डॉक्टरांकडे या. डोस हळूहळू कमी करत गेले की बहुतेकांच्या ग्रंथी पुन्हा काम करू लागतात, पण त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात. तेवढा धीर धरा.