नव्या पंपाची कुरकुर

मोटारीला पाण्याचा पंप असतो ही गोष्ट बहुतेकांना तो बिघडल्यावरच कळते. जुना पंप गळून गळून मेला तर माणूस समजून घेतो. पण पदरचे चांगले पाचशे-सहाशे डॉलर मोजून नवा कोरा पंप बसवावा आणि गॅरेजच्या दारातून गाडी बाहेर काढताच बॉनेटखालून कुरकुर सुरू व्हावी, यासारखा मनस्ताप दुसरा नाही. इथे रिचमंड हिलला ओळखीच्या दोन-तीन मराठी घरांत हे झालेलं आहे, त्यात आमचंही एक. प्रत्येक वेळी गॅरेजवाल्याचं उत्तर एकच, "पंपच डिफेक्टिव्ह निघाला असेल, पुन्हा बदलू." मजुरी अर्थातच पुन्हा. म्हटलं, जरा मुळापासून बघू या हा आवाज येतो कुठून. मुळापर्यंत जाता जाता मी मोटारीच्या पार जन्मापर्यंत पोचलो, म्हणून हा लेख.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझबाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याचीच मोटार काढून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेल्या. शंभरेक किलोमीटरचा प्रवास. तो मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून प्रसिद्ध आहे. त्या गाडीला पंप नव्हता, रेडिएटरही नव्हता. सिलिंडरभोवतीचं पाणी सरळ उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं आणि बाईंना मिळेल तिथे, मिळेल ते पाणी ओतत जावं लागायचं. आपल्याकडे घाट चढताना ड्रायव्हर डबडं घेऊन झऱ्याकडे धावायचा, त्या परंपरेच्या आद्य मानकरी म्हणजे बर्थाबाईच.

पुढे १९०१ साली विल्हेल्म मायबाखने पहिल्या मर्सिडीजसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. सहा-सहा मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या! आणि पाणी फिरवायला पंप. म्हणजे आजच्या मोटारीत जे आहे ते तत्त्व म्हणून तेव्हाच तयार होतं.

पण मग फोर्डने उलटी वाट धरली. १९०८ च्या मॉडेल टी गाड्यांपैकी पहिल्या सुमारे अडीच हजारांना पंप होता, तो त्याने काढूनच टाकला. त्याच्या जागी आला आपला बंब. विनोद नाही, खरंच बंब. बंबात तापलेलं पाणी हलकं होऊन वर येतं आणि गार पाणी खाली जातं. तसंच इंजिनातलं तापलेलं पाणी आपोआप रेडिएटरच्या माथ्यावर जायचं, तिथून निवत खाली उतरायचं आणि तळातून परत इंजिनात शिरायचं. याला थर्मोसायफन म्हणतात. ना बेअरिंग, ना पट्टा, ना सील, म्हणजे आवाज करायला जागाच नाही. १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या या बंबावर चालल्या. कॅनडातल्या गाड्या डेट्रॉइटच्या समोर, नदीच्या अलीकडे वॉकरव्हिलला बनत.

बंबाची खोड अशी की पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली गेली की फिरणं बंद. चढावर गाडी रखडली की रेडिएटरला उकळी. रिचमंड हिल हे गाव नावाप्रमाणेच यंग स्ट्रीटच्या चढावर वसलेलं आहे (रिचमंडचा ड्यूक १८१९ मध्ये इथून गेला म्हणून हे नाव पडलं असं सांगतात, बिचारा त्याच वर्षी रेबीज होऊन मेला). टोरोंटोहून या चढाला विजेची ट्रॅम येत असे, ती १९४८ साली बंद झाली आणि रस्ता बस-मोटारींकडे गेला. गंमत म्हणजे त्याच वर्षी १ जूनला आपल्याकडे पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. असो.

इंजिनं ताकदवान होत गेली तसा बंब अपुरा पडला आणि १९२७ च्या अखेरीस आलेल्या मॉडेल ए पासून फोर्डलाही पंप परत आणावा लागला. तिथून मोटारीच्या नाकाशी कुरकुर कायमची वस्तीला आली.

आता हा पंप म्हणजे काय? आपल्या विहिरीवरचाच सेंट्रिफ्युगल पंप, लहान केलेला. मी मूळचा सांगलीकडचा, त्यामुळे हे यंत्र मला मोटारीच्या आधी विहिरीवर भेटलं. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा. तिथे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर, कडबा कापायची यंत्रं असं करत १९२६ साली सेंट्रिफ्युगल पंप तयार केला आणि पुढच्या पन्नास वर्षांत कृष्णाकाठचा ऊस त्याच्यावर उभा राहिला. त्या पंपाशी संसार केलेल्या शेतकऱ्याला जे कळतं ते इथल्या कितीतरी सर्टिफिकेटवाल्या मेकॅनिकना कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पंप सुरू करायच्या आधी त्यात पाणी भरायचं. फूट व्हॉल्व गळत असेल तर शेणकाला ओतायचा. पंपाने हवा धरली की आवाज पोकळ होतो, मोटर हलकी पळते आणि पाणी येत नाही. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडलंच पाहिजे; अगदी कोरडी आवळली तर दोरी जळते आणि शाफ्ट खातो. आणि एप्रिल-मे महिन्यात विहीर खाली गेली की पंपातून खडे दळल्यासारखा आवाज येतो. मग पंप काढून खालच्या टप्प्यावर न्यायचा.

हा खडे दळण्याचा आवाज म्हणजे मोठं प्रकरण आहे. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा, आणि तिची ताकद दहा मीटरच्या आसपास संपते. फ्लॉरेन्सच्या पंपवाल्यांना हे अनुभवाने माहीत होतं. गॅलिलिओला त्याचं कोडं पडलं आणि त्याचा शिष्य टॉरिचेली याने १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याची नळी उलटी करून ते सोडवलं. पंपाच्या तोंडाशी दाब फारच कमी झाला तर पाणी गारच्या गार असतानाच उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढे दाब वाढला की ते फटाफट मिटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. त्याचा पहिला मोठा फटका बसला जहाजांना. १८९३ मध्ये ब्रिटिश नौदलाची 'डेअरिंग' ही बोट ठरलेला वेग गाठेना. पाठोपाठ चार्ल्स पार्सन्सच्या 'टर्बिनिया'चं तेच झालं. इंजिन उत्तम, पण पंखा पाण्यात नाही, वाफेच्या पोकळीत फिरतोय! पार्सन्सने काचेच्या खिडकीची छोटी टाकी करून बुडबुडे डोळ्यांनी पाहिले, पंखे बदलले आणि १८९७ च्या आरमारी संचलनात सगळ्या नौदलाला मागे टाकून दाखवलं.

त्या बुडबुड्यांचं गणित केलं लॉर्ड रॅलेने, १९१७ साली. मिटताना बुडबुड्याच्या मध्याशी इतका प्रचंड दाब तयार होतो की पितळसुद्धा खाल्लं जावं. मला सगळ्यात आवडतं ते हे की रॅलेला हा विचार सुचला तो चहाच्या किटलीमुळे. पाणी उकळायच्या आधी किटली गुणगुणते ना, ते तळाशी झालेले बुडबुडे वरच्या गार पाण्यात मिटल्याचे आवाज. रेनॉल्ड्सने त्यावर लिहिलेलं वाचून रॅले गणिताला बसला. म्हणजे किटली, विहीर, युद्धनौका आणि माझी गाडी, सगळ्यांची कुरकुर एकाच घराण्याची.

मोटारीत कॅव्हिटेशन होऊ नये म्हणूनही रेडिएटरला दाबाचं झाकण असतं. ते आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एका वातावरणाने वाढवतं, त्यामुळे साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची रबरी चकती कडक झाली की दाब टिकत नाही, पंपाच्या तोंडाशी बुडबुडे होतात आणि दोष येतो नव्या पंपावर. वीस डॉलरचं झाकण! नव्या पंपाबरोबर नवं झाकण घ्यावं, हा माझा फुकटचा सल्ला.

इथल्या थंडीचा यात आणखी एक पदर आहे. सुरुवातीच्या काळात कॅनडातले लोक हिवाळाभर मोटार ठोकळ्यांवर चढवून ठेवत, नाहीतर पाण्यात अल्कोहोल मिसळत. पण अल्कोहोल गरम झालं की उडून जातं. १९२७ साली प्रेस्टोनने ग्लायकॉल बाजारात आणलं. अर्धं ग्लायकॉल, अर्धं पाणी केलं की उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. भारतातून आलेला माणूस सवयीने नळाचं पाणी ओतून पातळी भरत राहतो, मिश्रण पातळ होतं, आणि जानेवारीच्या एखाद्या पहाटे पंपात बर्फाचा रवा धरतो. चाक अडतं, पट्टा त्याच्यावरून घसरतो आणि गल्ली जागी होईल अशी किंकाळी फुटते. बायको म्हणते, पंप गेला. पंप नाही गेला, पण तसाच रेटला तर नक्की जाईल.

तर माझ्या गाडीची गोष्ट. गाडी जपानी, बऱ्यापैकी वापरलेली, आणि तिचा पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर चालणारा. दातांचा रबरी पट्टा कॅमशाफ्टला लावायची कल्पना १९६२ च्या ग्लास १००४ या जर्मन गाडीने बाजारात आणली. पुढे अनेक कंपन्यांनी पंपही त्याच पट्ट्यावर घेतला. हे स्वस्त पडतं, पण त्यात गोम आहे. पंपाचं बेअरिंग अडकलं की पट्टा दात सोडतो, आणि कित्येक इंजिनांत मग व्हॉल्व पिस्टनवर आपटून वाकतात. म्हणजे सहाशेचं काम चार हजारांवर. म्हणून "होईल हळूहळू बंद" म्हणून सोडून देणं शक्य नव्हतं.

नीट ऐकल्यावर एकाच्या जागी दोन आवाज निघाले. पहिला डॅशबोर्डच्या मागून, पन्हळीतून पाणी वाहिल्यासारखा खळखळ, गाडी सुरू केल्यावर किंवा वेग वाढवल्यावर. हे विहिरीवरचं जुनं दुखणं, हवा धरली होती. पंप बदलताना सगळं पाणी काढतात, परत भरताना हीटरच्या नळ्यांत हवा अडकते. उपाय सोपा आहे. इंजिन पूर्ण गार असताना गाडी चढावर, नाक वर करून उभी केली (रिचमंड हिलमध्ये चढ शोधावा लागत नाही), झाकण काढलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि इंजिन मंद चालू ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबलो. एकेक ढेकर देत हवा बाहेर आली, पातळी उतरली, तेवढं कूलंट भरलं. गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीही उघडू नये, तोंड भाजून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

दुसरा आवाज मात्र राहिलाच. सनईच्या सुरासारखा बारीक आणि लांब, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारा. इथे पट्ट्यांची भाषा समजावी लागते. १९१७ साली जॉन गेट्सने रबरी व्ही-बेल्ट आणला, मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचा पंप, पंखा त्याच जातीच्या पट्ट्यावर फिरत. १९७९ च्या फोर्ड मस्टँगपासून सगळी यंत्रं फिरवणारा एकच लांब, खाचांचा पट्टा आला. त्याची परीक्षा पाण्याने करतात. चालत्या पट्ट्यावर हात लांब ठेवून थोडं पाणी फवारायचं. आवाज थांबून पुन्हा आला तर पुली ओळीत नाहीत; आवाज वाढला तर पट्टा सैल आहे. माझ्याकडे दोन्ही झालं नाही. मग तो पट्टाच उतरवला आणि अर्धा मिनिट इंजिन चालवलं. सूर तसाच. म्हणजे अल्टरनेटर, स्टिअरिंग पंप सगळे निर्दोष. चोर टायमिंग कव्हरच्या आत.

आता बेअरिंग की पट्टा? भारतातल्या गॅरेजमध्ये उस्ताद लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडाला लावून ऐकतो, तेच केलं. (लेनेकने १८१६ मध्ये कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावली, तीही हीच युक्ती.) खराब बेअरिंग खरखरतं, आणि ते जिथे आहे तिथे आवाज सगळ्यात मोठा येतो. इथे खरखर नव्हती आणि सूर संपूर्ण कव्हरभर सारखा होता. पंपाच्या पोटाखालचं छोटं भोकही कोरडं होतं. सील गेलं की पाणी आधी तिथून येतं. नव्या सीलच्या चकत्या एकमेकींवर घासून बसेपर्यंत दोन-चार थेंब येणं चालतं, धार चालत नाही. दातांचा पट्टा सैल असेल तर कव्हरवर थपडा मारतो आणि जास्त आवळला असेल तर गातो. माझा गात होता.

हे सगळं कागदावर लिहून गॅरेजमध्ये नेलं. तिथल्या तरुण मुलाला पंपच बदलायचा होता, पण मागे एक म्हातारा इटालियन होता, त्याने कागद वाचला, इंजिनाला कान लावला आणि कव्हर उघडायला सांगितलं. टेन्शनर खुणेच्या बराच पुढे आवळलेला. त्याने तो सोडला, इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवलं, कारण पट्ट्याचा ताण सगळ्या पुलींवर सारखा वाटला जायला तेवढे फेरे लागतात, आणि मग गार इंजिनावरच ताण पुन्हा बसवला. सूर गेला. पंप तोच राहिला, आणि पुढे गाडी विकेपर्यंत बोलला नाही. तसाच आवळलेला ठेवला असता तर त्या ताणाने नव्या पंपाचं बेअरिंग खरोखरच गेलं असतं आणि मग "पंपच डिफेक्टिव्ह होता" हे सर्वांनाच पटलं असतं.

ही विद्या आता किती दिवस उपयोगी पडेल सांगता येत नाही. बीएमडब्ल्यूने २००४ च्या सुमारास पाण्याचा पंप विजेवर नेला. २००९ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसच्या इंजिनाला बाहेरून पट्टाच नाही. बॅटरीच्या गाड्यांतही पाणी फिरतं, बॅटरी आणि मोटर गार ठेवायला, पण तो पंप लाडवाएवढा आणि जवळजवळ मुका. बिघडला तर कुरकुर न करता थांबतो आणि समोरच्या पडद्यावर एक दिवा लागतो.